ऊन, रापणं आणि रंग: पुण्यात राहून त्वचा कशी जपायची

खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात उभे राहा. बाही वर सारा आणि काखेपासून चार बोटं खाली, दंडाची आतली बाजू बघा. मग तिच्या शेजारी दुसऱ्या हाताची मागची बाजू धरा. या दोन रंगांत जो फरक दिसतो, ढोबळमानाने तेवढंच तुमचं टॅनिंग. दंडाच्या आतला रंग तुमचा स्वतःचा, आई-वडलांकडून आलेला. कुठलंही सनस्क्रीन, कुठलाही लेप, पार्लरमधलं कुठलंही ‘डी-टॅन’ फार तर तिथपर्यंत पोचवतं, त्यापलीकडे नाही. पलीकडे नेण्याचं आश्वासन देणारी वस्तू एकतर खोटी असते किंवा अपायकारक. ही एक गोष्ट पक्की केली की पुढचे निर्णय सोपे जातात: उन्हापासून जपायची आहे ती त्वचा, रंग दुरुस्त करायचा नाहीये.

रापताना आत काय होतं

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात आणि त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, काळ्या अशा सगळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो रंगद्रव्याच्या कणांचा आकार, त्यांचं प्रमाण आणि ते पसरतात कसे यात.

उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. यूव्हीए किरण त्वचेत खोलवर जातात आणि आधीपासून असलेलं मेलॅनिन काही मिनिटांतच गडद करतात. हा काळपटपणा बराचसा काही तासांत उतरतो. यूव्हीबी किरण पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. त्या इजेचा संदेश मिळाला की मेलॅनोसाइट नवं मेलॅनिन बनवायला घेतात, आणि तयार कण शेजारच्या पेशींच्या केंद्रकावर छत्रीसारखे जाऊन बसतात. याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच रविवारी सिंहगड चढून आल्यावर त्या रात्री चेहरा ठीक वाटतो आणि बुधवारी आरशात मान काळवंडलेली दिसते. सोमवारी लावलेल्या पॅकमुळे चेहरा काळा पडला, असा गैरसमज इथूनच होतो.

थोडक्यात, रापणं ही इजा झाल्यानंतरची बचावाची धडपड आहे. तिचं संरक्षणही तुटपुंजं असतं, साधारण तीन-चार एसपीएफइतकंच (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा, यूव्हीबीपासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा). ‘मी आधीच सावळा, मला काय करायचंय सनस्क्रीन’ हे निम्मंच खरं. गडद त्वचेला उन्हामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा धोका गोऱ्या युरोपीय त्वचेपेक्षा बराच कमी असतो, हे खरं. पण वांग आणि पुरळ गेल्यावर मागे राहणारे काळे डाग आपल्याच त्वचेत जास्त होतात, आणि ऊन ते आणखी गडद करतं.

पुण्याचं ऊन कधी टाळायचं

पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य शहराच्या थेट डोक्यावर येतो. आणि तो डोक्यावर येतो ते घड्याळात बारा वाजता नाही. भारताची प्रमाणवेळ पुण्याच्या पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलेली असल्याने आपली खरी दुपार साडेबाराच्या पुढेमागे होते, फेब्रुवारीत तर पाऊणच्या पुढे. त्यामुळे टाळायचं ऊन सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन असं धरा.

घड्याळ नको असेल तर सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत. उकाड्यावरून मात्र अंदाज बांधू नका. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजता अंग भाजून निघतं, पण अतिनील किरण तोवर ओसरलेले असतात. फेब्रुवारीत सकाळी अकराला हवा छान गार असते आणि किरण भरपूर. पुणेकर नकळत रापतात ते याच फसव्या गारव्यात, वेताळ टेकडीवरून रमतगमत उतरताना. पावसाळ्यातले पातळ ढगही बरेच किरण खाली सोडतात.

काचेचंही लक्षात ठेवा. साधी काच यूव्हीबी बहुतेक अडवते, यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत सोडते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे रोज हिंजवडीला गाडी हाकणाऱ्याचा उजवा हात आणि उजवा गाल अधिक गडद होतो. पुढची काच दोन थरांची असते, ती यूव्हीएही चांगले अडवते. त्रास बाजूच्या काचेचा, तेव्हा पूर्ण बाही हा सोपा उपाय.

स्कार्फ, सनकोट, हातमोजे

कापड हे सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं, कारण ते पुसलं जात नाही आणि दर दोन तासांनी लावावं लागत नाही. पण सगळं कापड सारखं नसतं. तुळशीबागेत स्कार्फ घेताना एक पदर उजेडासमोर धरा आणि मागे बोटं पसरा. बोटं स्पष्ट मोजता आली, तर तो स्कार्फ धूळ अडवेल, ऊन नाही. शिफॉन आणि विरळ विणीचं पांढरं सुती कापड इथेच बाद होतं. घट्ट विणीचं, थोडं गडद, सुती कापड घ्या आणि चेहऱ्यावर दुहेरी घडी येईल इतकं लांब घ्या. कापड ओलं झालं किंवा ताणलं गेलं की त्याचं संरक्षण घटतं. घामाने चिंब झालेला स्कार्फ म्हणूनच बदलायचा.

बांधताना गाठ डोक्याच्या मागे जाड करू नका. तिच्यामुळे हेल्मेट नीट बसत नाही, आणि हेल्मेट सैल बसणं हा रापण्यापेक्षा फार मोठा धोका आहे. स्कार्फ डोक्यावर सपाट ठेवा, टोकं मानेभोवती फिरवून सनकोटाच्या आत खोचा, वरून हेल्मेट घाला आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट करा. टोक मोकळं सोडायचंच नाही. ओढणी मागच्या चाकात ओढली जाऊन जीव गेलेले आहेत.

हातमोज्यांचं एकच दुखणं: मोजा संपतो आणि बाही सुरू होते, त्यामध्ये दोन बोटांची फट राहते आणि तिथे काळा पट्टा उमटतो. मोजा बाहीच्या आत घाला. पावलांवर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी नको असेल, तर मोजे-बूट किंवा पावलांनाही सनस्क्रीन. स्कार्फ दोन दिवसांआड धुवा. घाम आणि तेल शोषलेलं कापड रोज गालावर घासलं, तर पुरळ येते, आणि तिचे डाग टॅनपेक्षा जास्त काळ टिकतात.

ज्यांना उन्हात उभं राहणं चुकत नाही, म्हणजे भाजीवाल्या मावशी, वाहतूक पोलीस, बांधकामावरचे कामगार, डिलिव्हरीची मुलं, त्यांना महागड्या ट्यूबपेक्षा चारी बाजूंनी कड असलेली टोपी, मानेवर उपरणं आणि पूर्ण बाहीचा सदरा जास्त उपयोगी. वारीत दिवेघाट चढणाऱ्यांनीही छत्री गडद, जाड कापडाची घ्यावी. रंगीत पातळ प्लास्टिकमधून डोळ्यांना उजेड दिसत असेल, तर किरणही आत येतात असंच समजा.

सनस्क्रीन किती आणि कसं

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. घरी बहुतेक जण त्याच्या निम्मं किंवा पावच लावतात, आणि मग ट्यूबवरचे 50 चेहऱ्यावर कितीतरी कमी उरतात. माप सोपं आहे: तर्जनी आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत, दोन पूर्ण रेघा. हे चेहरा आणि मान मिळून, साधारण एक ते सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. तुमची ट्यूब दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पुरली असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावतच नव्हता असं धरा.

खरेदी करताना एसपीएफ 30 किंवा जास्त आणि पीए+++ किंवा ++++ बघा. एसपीएफ 30 यूव्हीबीपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 सुमारे 98. आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा माप पूर्ण लावण्यात फायदा आहे. पीए हा यूव्हीएचा अंदाज, आणि काळेपणासाठी तोच महत्त्वाचा. वांग असेल तर रंगछटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, कारण आपल्या त्वचेत साधा दृश्य प्रकाशसुद्धा वांग वाढवतो आणि तो अडवायला हे ऑक्साइड लागतात. अशा क्रीमचा पांढरट थरही दिसत नाही.

घराबाहेर पडण्याआधी 15 ते 20 मिनिटं लावा, एका वेळी एक रेघ, दाबत पसरवा. चुरा होऊन निघत असेल, तर खालचं मॉइश्चरायझर वाळलेलं नाही. पाच मिनिटं थांबा. डोळे चुरचुरत असतील, तर कपाळावरून घामाबरोबर क्रीम उतरतंय. भुवयांच्या वर झिंक ऑक्साइडचं लावून बघा. कान, मानेची मागची बाजू, भांग आणि टक्कल हमखास राहतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. स्कार्फच्या घर्षणानेही क्रीम पुसलं जातं, म्हणून ऑफिसात पोचून स्कार्फ सोडल्यावर बाहेरचं काम असेल, तर आधी एकदा लावा.

ड जीवनसत्त्वाची काळजी अनेकांना वाटते. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात यूव्हीबी इतकं कमी असतं की जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. गडद त्वचेला तर जास्त वेळ लागतो. चेहरा झाकून हात-पाय थोडा वेळ उघडे ठेवता येतील. रक्त तपासणीत कमतरता निघाली, तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घेणं हा जास्त खात्रीचा मार्ग.

रापून झालंय, आता काय

काही केलं नाही आणि फक्त ऊन थांबवलं तरी टॅन उतरतो, कारण त्वचेचा वरचा थर साधारण चार ते सहा आठवड्यांत बदलतो. चेहऱ्याला दीड-दोन महिने, हाता-पायांना त्याहून जास्त. वर्षानुवर्षांचा थर असेल तर वेळ आणखी. भाजून लाल झालं असेल, तर पहिले दोन दिवस साधं गार पाणी आणि मॉइश्चरायझर, बस. बर्फ थेट लावू नका, सुटणारी साल ओढू नका.

लवकर उतरायला हवा असेल तर रात्री एक औषधी घटक निवडा: 4-5 टक्के नायसिनॅमाइड किंवा 10 टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. दोन्ही एकदम सुरू करू नका. आधी कोपराच्या आतल्या घडीत सात दिवस रोज दोन वेळा लावून बघा. खाज, लाली नाही आली तरच चेहऱ्यावर, आठवड्यातून तीन रात्री. आठ आठवड्यांच्या आत निकाल ठरवू नका.

आता बिघडतं कुठे ते नीट वाचा. लिंबू: सालीतली आणि रसातली काही द्रव्यं उन्हाच्या संपर्कात आली की त्वचा भाजते. एक-दोन दिवसांनी फोड येतात आणि मागे तपकिरी ओघळ महिनोन्‌महिने राहतात. बेसन-दही आणि मुलतानी माती निरुपद्रवी आहेत, पण वाळलेला लेप खसाखसा चोळून काढला की त्या घर्षणानेच काळेपणा वाढतो. पाण्याने भिजवून धुवा. दिवाळीचं उटणंही तसंच, लावायचं आणि धुवायचं. नायलॉनच्या घासणीने पाठ आणि हात रोज घासणाऱ्यांना तिथे लाटांसारखे राखाडी-तपकिरी पट्टे येतात, मग ते काढायला आणखी घासतात. घासणी फेकून द्या, हाच उपचाराचा पहिला भाग. पार्लरमधलं ब्लीच मुख्यतः चेहऱ्यावरची लव पिवळसर करतं, म्हणून चेहरा उजळ भासतो. त्वचा चुरचुरली की उलट डाग पडतात.

आणि सगळाच काळेपणा उन्हाचा नसतो. मान आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल, तर तो बहुधा इन्सुलिनशी निगडित असतो. वजन आणि रक्तातली साखर तपासा, मान घासू नका. दोन्ही गालांवर सारखे तपकिरी चट्टे म्हणजे वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, अनुवंश, ऊन अशी कारणं. टिकलीच्या जागी खाज, डाग किंवा पांढरेपणा आला, तर तो तिच्या गोंदाचा परिणाम असू शकतो. टिकली त्याच दिवशी बंद करा.

ज्या ट्यूबला हात लावायचा नाही

मेडिकलमधून मैत्रिणीने आणून दिलेलं, ‘आठ दिवसांत फरक पडतो’ असं क्रीम असेल, तर बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काहीही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. सोबत बहुधा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक आठवडे वापरायचं हे औषध लोक वर्षभर फेअरनेस क्रीम म्हणून लावतात. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, पुरळ आणि लव वाढते. थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावतात. 2018 मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड क्रीमना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती हातोहात मिळतात. तुम्ही बरेच महिने लावत असाल, तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ट्यूब बरोबर न्या. घटक न छापलेल्या डब्यांत पारा असू शकतो, तो मूत्रपिंडावर जातो. गोरं होण्यासाठीची ग्लुटाथिओनची इंजेक्शनं घेऊ नका.

कुणी रापायला का धडपडतं

गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुणे भर दुपारी उताणे पडलेले बघून आपल्याला नवल वाटतं. युरोपातही पूर्वी रापलेला रंग शेतमजुराचाच मानला जायचा. कारखाने आले, मजूर छपराखाली गेला, आणि अंगावर ऊन असणं हे फुरसतीचं लक्षण झालं. त्यात वैद्यकाचीही भर पडली: त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल मिळालं, मुडदुसावर ऊन गुणकारी ठरलं. 1920 च्या दशकात रापणं फॅशन झालं. 1936 मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि समुद्रकिनारा त्यांच्याही आवाक्यात आला. पुढे टॅनिंगची यंत्रं निघाली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे माणसांत कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या, गटात टाकलं.

आपल्याकडे उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा हा भेद तसाच राहिला, त्याला जातीची आणि साहेबाच्या रंगाची जोड मिळाली. 1975 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं, 2020 मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. म्हणजे त्वचेची जीवशास्त्रीय क्रिया एकच, तिची किंमत मात्र माणसांनी ठरवलेली, आणि माणसं ती बदलू शकतात.

घरात बदलण्याजोगं

सुरुवात एका वाक्यापासून करा. ‘उन्हात खेळू नकोस, काळी पडशील’ हे मुलीला सांगू नका. ‘टोपी घाल, ऊन भाजतं’ हे सांगा. संरक्षण तेवढंच होतं, पण स्वतःच्या रंगाची भीती तिच्या मनात बसत नाही. मुलांनाही हेच सांगा; सनस्क्रीन ही मुलींची गोष्ट आहे असं समजून ती कान-मान भाजून घेतात.

गरोदर बाईला केशर-दूध आवडत असेल तर द्या, पण बाळाच्या रंगासाठी नको, रंग जनुकं ठरवतात. बाळाला डाळीच्या पिठाने चोळू नका. जन्मानंतर काही महिने त्याचा रंग बदलत जातोच, आणि कोवळ्या त्वचेवर त्या चोळण्याने फक्त पुरळ उठते.

लग्नाचा बायोडाटा करताना ‘वर्ण’ हा रकाना खोडून टाका, रिकामा ठेवू नका. रिकाम्या जागेत कुणीतरी ‘निमगोरी’ लिहितंच. समोरून विचारणा आलीच, तर ‘फोटोत आहे तशी’ एवढं उत्तर पुरे. हे उत्तर वडीलधाऱ्यांनी दिलं तर जास्त चालतं, म्हणून आजी-काकूंना आधीच विश्वासात घ्या.

नवरीच्या मेकअपची ट्रायल घेताना फाउंडेशन मनगटावर तपासू नका, जबड्याच्या कडेला तीन शेड शेजारी-शेजारी लावा आणि बाहेर उजेडात जाऊन बघा. जी शेड मानेत मिसळून दिसेनाशी होते, ती बरोबर. दोन शेड उजळ लावली, तर फ्लॅशमध्ये चेहरा राखाडी येतो आणि घामाने मानेवर रेघ पडते. फोटोग्राफरला पैसे ठरवतानाच लिहून द्या: रंग उजळवायचा नाही, डाग पुसायचे नाहीत, आणि अल्बम छापण्याआधी दोन पानं दाखवायची.